साडेतेरा हजारांचं ॲग्रीमेंट

डिसेंबर २०२३ मध्ये युनियनचा कंपनीशी पगारवाढीचा करार झाला आणि आमच्या कंपनीच्या गेटवर गुलाल उधळला. ढोलताशा होता, पेढे होते, कमिटीतल्या सगळ्यांच्या गळ्यात हार पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टला निघालो आणि गावाहून मामांचा फोन आला. "साडेतेरा हजार वाढले म्हणे तुमचे! पेपरात फोटो आलाय." मी हो म्हणालो. ते म्हणाले, "चला, थोरलीच्या ॲडमिशनची काळजी मिटली." तिथे मात्र मी अडखळलो. त्या करारातला आकडा न् आकडा माझ्या हाताखालून गेला होता. पुढच्या पगारात हातात किती जादा पडणार, हे मला पाठ होतं. सात हजार आठशे चार रुपये.

मधले पैसे कुठे गेले, कुणी खाल्ले का, असं मला तेव्हापासून कितीतरी जणांनी विचारलंय. कुणी खाल्लेले नाहीत. पण साडेतेरा हजार आणि एकेकाच्या पगारस्लिपवरची वाढ यांच्यामध्ये बरंच काही असतं. ते मी चौदा महिने जवळून पाहिलं, म्हणून लिहितोय.

मी आयटीआयला टर्नरचा ट्रेड केला. २००७ साली चाकणच्या या कंपनीत पर्मनंट झालो. गाड्यांचे सुटे भाग बनवतो. पर्मनंट कामगार २८०, आणि कंत्राटी मुलं त्याच्या दुपटीहून जास्त.

२०१३ मध्ये माझ्या मशीनवर इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी टोकं, फार लवकर झिजत होते. मी फीड आणि कूलंटच्या नोझलचा कोन बदलून बघितला. रिजेक्शन निम्म्याहून खाली आलं. कंपनीने प्रशस्तिपत्र दिलं, नोटीस बोर्डावर फोटो लावला. मला वाटलं, आता पगाराचं विचारायला हरकत नाही. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेलो. माणूस सज्जन होता. त्यांनी बसायला सांगितलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तू ॲग्रीमेंटमधला माणूस आहेस. तुझ्या पगारात मी एक रुपया घालू शकत नाही, आणि एक रुपया काढूही शकत नाही."

मी पहिलं अर्धंच वाक्य घेऊन बाहेर पडलो. फार राग आला होता. शेजारच्या मशीनवरचा माणूस माझ्यापेक्षा कमी काम करतो, त्याची सर्व्हिस तीन वर्षांनी जास्त, म्हणून पगारही जास्त. मग मी घाम कशाला गाळायचा? माझ्याच बॅचचा एक मित्र होता, हुशार, बोलण्यात चटपटीत. त्याने २०१४ मध्ये सुपरवायझरची परीक्षा दिली आणि स्टाफमध्ये गेला. म्हणजे ॲग्रीमेंटच्या बाहेर. मलाही चल म्हणत होता. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून राहिलो.

कमिटीत मी पगाराच्या रागातूनच आलो. जुना करार एप्रिल २०१९ ते सप्टेंबर २०२२ असा साडेतीन वर्षांचा होता. तो संपत आला तेव्हा गेट मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, कौशल्याला वेगळी किंमत लावणारं कलम मागा. अध्यक्ष म्हणाले, "बोलतोस तर हिशोब तूच कर." असा मी खजिनदार झालो.

आधी नोटीस गेली. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात, १९४७ च्या, सोय अशी होती की कराराची मुदत संपली म्हणून करार संपत नाही. एका बाजूने तो संपवण्याची लेखी नोटीस द्यायची आणि नोटिशीपासून दोन महिने जुना करार बांधील राहतो. आमची नोटीस जुलैअखेर गेली, तिच्यामागोमाग मागणीपत्र. मागणी २२ हजारांची. कंपनीचा पहिला देकार सात हजारांचा, तोही चार वर्षांसाठी.

या दोन आकड्यांमधली ओढाताण सगळ्यांना माहीत असते. बाहेर फार कोणाला ठाऊक नसतं ते आतलं भांडण, आमचं आमच्याशी.

ही वाढ सगळ्यांना सारखी द्यायची की सर्व्हिसप्रमाणे? दुसऱ्या शिफ्टनंतर कॅन्टीनमध्ये यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत बोलणं चालायचं. पाच-सहा वर्षं सर्व्हिसची मुलं म्हणायची, "दूध आम्हाला काय स्वस्त मिळतं? घरभाडं आमचंच जास्त, तुमची घरं झाली." टूलरूममधले तात्या १९९७ पासूनचे, कंपनी उभी राहताना पहिल्या तुकडीत लागलेले. ते शांत माणूस. त्या रात्री मात्र त्यांचा आवाज चढला. "इथे शेड नव्हती तेव्हा ताडपत्रीखाली काम केलंय. पंचवीस वर्षांचं काहीच नाही का?" दोघांचंही खरं होतं. मला त्या रात्री झोप आली नाही.

मी सगळ्यांच्या स्लिपा गोळा केल्या, दोनशे ऐंशी. मुलीच्या लॅपटॉपवर तक्ता केला. सरासरी सर्व्हिस पंधरा वर्षं निघाली. त्यावरून मांडणी ठरली: कराराची जी सरासरी रक्कम ठरेल तिचे ८० टक्के सगळ्यांना सारखे, २० टक्के सर्व्हिसला. साडेतेरा हजारांवर ते असं बसलं: १०,८०० रुपये सरसकट आणि पूर्ण झालेल्या दर वर्षाला १८० रुपये. माझी सर्व्हिस नेमकी पंधरा, म्हणून मला बरोबर साडेतेरा हजार. पाच वर्षांच्या मुलाला ११,७००. तात्यांना १५,३००.

रुपयांत तात्या वर दिसतात. टक्क्यांत बघा. त्या मुलाचा कंपनीला पडणारा महिन्याचा खर्च, ज्याला सीटीसी म्हणतात, २६ हजार होता. त्याची वाढ ४५ टक्के. माझा साडेसदतीस हजार, वाढ ३६ टक्के. तात्यांचा ५१ हजार, वाढ ३० टक्के. म्हणजे "सरासरी ३६ टक्के वाढ" ही बातमी खरी असली तरी ती फक्त माझ्यासारख्याची. करार खालच्याला जोरात वर ओढतो, वरच्याला हळू. मला हे मान्य आहे. तात्यांनाही शेवटी मान्य झालं. ते म्हणाले, "माझा पोरगा आता पाच वर्षांवाल्यांतच आहे, दुसऱ्या कंपनीत."

महागाई भत्त्याचं थोडक्यात सांगतो, कारण दोन करारांच्या मधल्या काळात वाढ येते ती तेवढीच. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक श्रम ब्युरो काढतं, आता पाया २०१६ बरोबर १०० असा. आमच्या करारात मात्र अजून १९६० च्या पायाचे पॉइंट चालतात. नवा अखिल भारतीय आकडा जुन्यात न्यायचा तर आधी २.८८ ने, मग ४.६३ ने, मग ४.९३ ने गुणायचं. नव्या निर्देशांकाचा एक पॉइंट म्हणजे जुने जवळजवळ ६६ पॉइंट. आमचा दर पॉइंटला एक रुपया. त्यामुळे नवा आकडा एकाने वर गेला की महिन्याला ६६ रुपये, झाडूवाल्या मावशींनाही तितकेच आणि तात्यांनाही तितकेच. कंपनीला हा भत्ता गोठवून ठरीव रकमेत टाकायचा होता. आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही. करार व्हायला चौदा महिने लागले, त्या चौदा महिन्यांत आमच्या घरांत वाढून आलेले पैसे या एका ओळीतूनच आले.

सगळ्यात अवघड बैठक ऑक्टोबर २०२३ मधली. तोवर बोलणी साडेतेरा हजारांच्या जवळ आली होती. सीटीसीतले वरखर्च काढून जी रक्कम थेट स्लिपवर येणार, तिच्यातला किती भाग बेसिकमध्ये टाकायचा, यावर अडलं होतं. आमची मागणी ४,१०० रुपये बेसिकची. एचआरच्या साहेबांनी नवा कागद पुढे सरकवला. त्यावर एकूण रक्कम १३,८००, आमच्यापेक्षा तीनशेने जास्त, पण बेसिकमध्ये फक्त दोन हजार. बाकी सगळं भत्त्यांत: शिक्षण भत्ता, प्रवास भत्ता, धुलाई भत्ता. बेसिक कमी म्हणजे पीएफची कपातही कमी. मी तिथेच मागच्या पानावर हिशोब केला. हातात महिन्याला सुमारे ९०० रुपये जास्त पडत होते.

कमिटीतले तरुण माझ्याकडे बघायला लागले. नऊशे रुपये म्हणजे गॅसची टाकी. मोह खरा होता, मलाही झाला. मी एक रात्र मागून घेतली.

घरी बसून मांडलं. बेसिकमधला फरक २,१०० रुपयांचा. त्यावर १२ टक्के माझा पीएफ आणि १२ टक्के कंपनीचा, मिळून महिन्याला ५०४ रुपये खात्यात जाणार नाहीत. माझी अजून पंधरा वर्षं धरली तर व्याज सोडून ९० हजारांवर. मग ग्रॅच्युइटी. ती तेव्हा शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघायची: भागिले २६, गुणिले १५, गुणिले सर्व्हिसची वर्षं. २,१०० च्या फरकाने तीस वर्षांच्या सर्व्हिसला ३६ हजारांहून जास्त कमी.

इथे माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख उजळली. सीटीसीच्या तक्त्यात कंपनी ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के धरते. ते फक्त पुढच्या दर वर्षासाठी. पण बेसिक आज वाढलं की मागची पंधरा वर्षंही नव्या दराने मोजली जातात. हा बोजा तक्त्यात दिसतच नाही, आणि तो उचलते कंपनी. माझ्यासारख्या पंधरा वर्षांच्या माणसामागे तो १८ हजारांच्या वर जात होता. तीनशे रुपये टप्प्याटप्प्याने जास्त देऊन पूर्ण साडेतीन वर्षांत कंपनीला माणशी खर्च येणार होता साडेदहा हजारांच्या आसपास. तीनशे रुपये का सुचले, ते कळलं. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांच्या जागी बसून त्यांनी त्यांचा हिशोब केला. आमचा आम्ही करायचा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टआधी कॅन्टीनच्या फळ्यावर मी हे खडूने लिहिलं. एक मुलगा म्हणाला, "दादा, तीस वर्षं कोण टिकतंय इथे? मला आज पैसे पाहिजेत." त्याचं घर भाड्याचं, बायको बाळंतपणाला गेलेली. मी त्याला म्हणालो, बरोबर आहे तुझं. हात वर करून मत घेतलं. ४,१०० बेसिक आणि साडेतेरा हजार, यावर बहुमत झालं. त्या मुलाने विरोधात हात वर केला आणि नंतर माझ्याशी महिनाभर बोलला नाही. ते मला अजून लागतं.

वाढीच्या बदल्यात उत्पादन वाढवून मागितलं जातं, हेही बातमीत शेवटच्या ओळीत असतं. माझ्या लाइनवर शिफ्टला ४०० पीस निघायचे. कंपनीला ४६० हवे होते. जेवण, चहा, इन्सर्ट बदलणं आणि सफाई वजा जाता शिफ्टला ४५० मिनिटं मिळतात. ४६० पीस म्हणजे एका पीसला ५८.७ सेकंद. मशीनचा सायकल टाइमच, म्हणजे एक पीस कापायचा वेळ, ५२ सेकंदांचा. उरलेल्या पावणेसात सेकंदांत तयार पीस काढायचा, फुंकायचा, नवा लावायचा, क्लॅम्प आवळायचा. हाताने आवळायच्या क्लॅम्पला मला १४ सेकंद लागतात, आणि शॉपमध्ये त्यात माझा हात सगळ्यात चपळ आहे.

तीन दिवस ट्रायल झाली. इंजिनीअर स्टॉपवॉच घेऊन मागे उभा. पहिल्या दिवशी मी चारशे नऊ काढले आणि संध्याकाळी मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी मीच सुचवलं, क्लॅम्प हायड्रॉलिक करा. शेजारच्या सेलमधलं तसं फिक्स्चर, म्हणजे पीस धरून ठेवणारं साधन, पडून होतं, तिसऱ्या दिवशी ते बसवलं. लोडिंग ९ सेकंदांवर आलं, एका पीसला ६१ सेकंद, शिफ्टला चारशे बेचाळीस. करारात ४४० लिहिलं गेलं आणि पुढे एक वाक्य: "हायड्रॉलिक क्लॅम्पिंग फिक्स्चर बसवल्यानंतर लागू." हे वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं. दहा वर्षांपूर्वी माझ्या डोक्याने कंपनीचं रिजेक्शन कमी झालं आणि मला कागद मिळाला. या वेळी त्याच डोक्याने दोनशे ऐंशी जणांच्या कराराची गाठ सुटली.

सही शिवाजीनगरला कामगार उपायुक्तांसमोर झाली. तिथे का जायचं, हे मला आधी कळत नव्हतं. कंपनीच्या हॉलमध्येही सही करता आली असती. पण दोघांनी आपसांत केलेला करार सही करणाऱ्या पक्षांनाच बांधायचा. उपायुक्तांसमोर समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, युनियनमध्ये नसलेल्यांना आणि नंतर लागणाऱ्यांनाही. आमच्याकडे अठरा जण युनियनबाहेर होते. त्यांना सोडून करार केला असता तर पुढच्या वर्षी त्यांच्याशी वेगळा सौदा झाला असता आणि लाइनवर शेजारी शेजारी दोन भाव लागले असते.

जाताना गाडीत तात्या त्यांच्या मोठ्या भावाबद्दल बोलले. ते परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कामगार सामंतांच्या मागे, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने करार करण्याचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला होता, आणि ती दुसरी होती. "माणसं एकीकडे आणि सहीचा हक्क दुसरीकडे," तात्या म्हणाले. भाऊ गावी परतले ते परतलेच. चौदा महिन्यांत संपाचा विषय निघाला की तात्या उठून बाहेर का जायचे, ते मला त्या दिवशी समजलं.

आता मामांना जे फोनवर सांगता आलं नाही ते. साडेतेरा हजार एकदम मिळत नाहीत. ६० टक्के पहिल्या वर्षी, मग २० आणि २०. म्हणजे ८,१००, २,७०० आणि २,७००. त्या ८,१०० मध्येही स्लिपवर आले ६,२००. उरलेले १,९०० म्हणजे कंपनीचा पीएफ ३००, ग्रॅच्युइटी १२०, रजा आणि बोनसच्या वाट्याचे ४८०, मेडिक्लेमच्या हप्त्याचे ४००, बस आणि कॅन्टीनचे ६००. स्लिपवरच्या ६,२०० मधून माझा पीएफ ३०० कापला, हातात ५,९००. दुसऱ्या टप्प्यातले हातात १,९०४. सही झाली तेव्हा दोन टप्पे लागू झालेले होते, म्हणून सात हजार आठशे चार. ऑक्टोबर २०२४ ला तिसरा टप्पा आला आणि बेरीज ९,७०८ झाली.

ऑक्टोबर २०२२ पासूनचा चौदा महिन्यांचा फरक जानेवारीत एकरकमी आला, पीएफ जाऊन ८६ हजार. थोरलीची फी त्यातूनच भरली. मामांचं म्हणणं खरं ठरलं, फक्त वेगळ्या वाटेने.

स्टाफमध्ये गेलेल्या मित्राचं राहिलं. २०१४ पासून त्याला दर एप्रिलला मूल्यमापन करून वाढ मिळायची. २०१९ मध्ये त्याचा पगार माझ्यापेक्षा नऊ हजारांनी पुढे होता. त्याने फ्लॅट घेतला. मला वाटायचं, बघ, राहिलास मागे. मग २०२० आलं. जुलैपासून स्टाफचे पगार १५ टक्क्यांनी कापले आणि पुढची दोन वर्षं वाढ थांबली. ईमेल आला, एवढंच. आमचा करार तेव्हा चालू होता. त्याचा तिसरा टप्पा एप्रिल २०२१ ला होता आणि तो ठरल्या तारखेला पडला. त्या महिन्यात मित्र पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, "तुमच्याकडे टप्पा आला ना?" मी मान हलवली. विभागप्रमुखांच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग मला आठ वर्षांनी कळला, तो तिथे, पार्किंगमध्ये. घालू शकत नाही. काढूही शकत नाही.

ही एकच बाजू सांगितली तर खोटेपणा होईल. आमच्यातला आणखी एक जण २०२२ मध्ये कंपनी सोडून गेला, पाच अक्षांच्या मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकून. तो आज माझ्या दीडपट कमावतो. एकट्याने पुढे जाणारे असतात. त्यांना तसं जाता यावं. पण दोनशे ऐंशी जणांत असा एक निघतो आणि बाकीच्यांना त्याच गेटमधून रोज आत यायचं असतं.

आणि माझं कलम. एकाच ग्रेडमध्ये आठ वर्षं झालेल्यांनी ट्रेडची परीक्षा द्यायची, पास झाला की वरची ग्रेड, बेसिकमध्ये ६०० रुपये. कंपनी म्हणत होती, ते साडेतेरा हजारांतच बसवा. मी म्हणालो, कौशल्याचे पैसे बाकीच्यांच्या ताटातून काढायचे नाहीत. शेवटच्या बैठकीत ते वेगळे मान्य झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली, एक्केचाळीस जण वर गेले, मी त्यातला एक. ड्रॉइंग वाचून टेपर काढायचा होता. हात थरथरत होते, मायक्रोमीटर दोनदा लावला. मार्चच्या स्लिपवर ते सहाशे दिसले तेव्हा मी बायकोला बोलावून बोट ठेवून दाखवले. बाकी सगळं सगळ्यांचं होतं. ही एक ओळ माझ्या हातांची.

हा करार ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा नोटीस दिली. मधल्या काळात, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ऑक्टोबर २०२३ ची ती अख्खी बैठक आता वेगळ्या पद्धतीने लढावी लागेल. मी पुन्हा तक्ता करायला घेतलाय.

स्लिपांसाठी कॅन्टीनच्या दाराशी एक खोका ठेवला होता. गेल्या शनिवारी घरी नेऊन रिकामा केला. पर्मनंटच्या स्लिपा सर्व्हिसप्रमाणे लावत गेलो. तळाशी तीन वेगळ्या निघाल्या, पातळ कागदाच्या, कंत्राटदाराच्या शिक्क्याच्या. माझ्याच लाइनवरची मुलं. तेच मशीन, तेच ४४० पीस, पगार माझ्या निम्म्याहून कमी. जुन्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत सारख्या कामाला सारखं वेतन लिहिलेलं होतं, पण आमच्या करारात ती मुलं कुठेच नव्हती. कोणी मागितल्या नव्हत्या, तरी त्यांनी टाकल्या. एकीवर पेनने लिहिलं होतं, "दादा, आमचं पण बघा."

मी तक्त्यात दोनशे ऐंशीच्या खाली एक ओळ मोकळी सोडली आणि २८१ पासून त्यांचे टोकन नंबर लिहायला सुरुवात केली.